भिंतीवरचं पॅरिस

ठाण्यात घोडबंदर रोडला कुणाची वास्तुशांत असली की चप्पल काढतानाच मी मनात अंदाज बांधते: पॅरिस की न्यूयॉर्क? परवा मावसबहिणीकडे दोन्ही निघाली. सोफ्यामागे काळापांढरा आयफेल टॉवर, बेडरूममध्ये ब्रुकलिनचा पूल. "इंटिरियरवाल्यानेच सुचवलं गं. राखाडी भिंतीला उठाव येतो."

येतो, खोटं कशाला बोलू.

आमच्या नौपाड्यातल्या घरात भिंतीला उठाव नव्हता, खिळे होते. आजोबांचा फोटो पार छताजवळ, दोरीवर पुढे कललेला. ताटात कुणी काय टाकलंय ते वरून बघत असल्यासारखा. त्याच्यामागे चिमण्यांनी घरटं केलं की पिल्लं उडेपर्यंत काच पुसायला बंदी. जेवताना काड्या पडायच्या, आजी मुकाट्याने वेचायची. शेजारी कॅलेंडर, त्यावर दुधाचे खाडे. वर्ष सरलं की त्यातला स्वित्झर्लंडचा डोंगर कापून पुठ्ठ्यावर डकवायचा. हौस तेव्हाही परदेशाचीच होती म्हणा.

"तलावपाळी का नाही लावलीस?" मी विचारलं. तर तिच्या नवऱ्याने, त्याला कॅमेऱ्याचा नाद, मोबाइलच पुढे केला. लेन्सवर काळी काच चढवून शटर मिनिटभर उघडं ठेवायचं. पाणी गुळगुळीत होतं, चालती माणसं उमटतच नाहीत. पर्यटनस्थळं अशीच रिकामी करता येतात. मासुंद्यावर, म्हणजे तलावपाळीच्याच तळ्यावर, त्याने पहाटे तेच केलं. फेऱ्या मारणारे सगळे गेले. पण जागच्या जागी हात फिरवणारे काका धड गेले नाहीत, धड राहिले नाहीत. मला तर काकाच आवडले.

मग सीएसएमटी लाव म्हटलं. आयफेल 1889चा, आपलं स्टेशन त्याच्याही वर्षभर आधी पुरं झालं. कळसाकमानींत काही कमी नाही. त्यावर बहीण म्हणाली, "रोज तिथे उतरते गं मी. घरी येऊन पुन्हा तेच बघू?" बरोबर आहे. 1853 साली देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघून ठाण्यालाच आली, म्हणून काय ठाणे स्टेशन सोफ्यामागे टांगायचं?

निघताना मेहुण्यांनी आणखी एक सांगितलं. आयफेलच्या रात्रीच्या रोषणाईवर हक्क राखलेले आहेत. तो फोटो विकायचा तर परवानगी लागते. दिवसाच्या टॉवरला ती अट नाही. त्यांच्याकडचा दिवसाचा आहे.

"तुझ्या हॉलमध्ये काय लावलंयस?" बहिणीने विचारलं.

घड्याळ आणि वायफायचा डबा. तिसऱ्या भिंतीला ओल येते.