अजून एक घमेलं

रस्त्याच्या बाबतीतली बहुतेक कामं आपल्याला न विचारता होतात. वळणाला कल किती द्यायचा, डांबराचा थर किती जाड घालायचा, दुभाजक कुठे तोडायचा, हे कुणीतरी कुठेतरी ठरवतं आणि आपण मुकाट्याने गाडी हाकतो. एकच गोष्ट अशी आहे, जी लोक स्वतःहून मागतात, मिळाली नाही तर रस्त्यात ठिय्या मारतात आणि मिळाली की रोज तिलाच शिव्या घालतात. स्पीडब्रेकर.

आमच्या गल्लीत नवा झाला तेव्हा मी दारातच होते. मोठ्या रस्त्याचं डांबरीकरण चाललं होतं, तिथला उरलेला गरम माल ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आला. दोघं घमेल्यांनी ओतत होते, तिसरा फावड्याच्या पाठीने थापत होता. मुकादम कडेला फोनवर. दोरी नाही, फळी नाही, टेपचं तर नावच नको. उंची ठरवत होते कट्ट्यावरचे आजोबालोक.

"एवढ्याने काय होतंय? ती बुलेटवाली पोरं उडवत नेतील. अजून एक घमेलं टाका."

टाकलं.

"हां, आता जरा दिसायला लागला. टाका अजून एक."

तेही टाकलं. मी मुकादमाला विचारलं, अहो, याचं काही माप असेल ना? त्याने फोन कानाचा जरा बाजूला केला. "ताई, गाडी दबकली पाहिजे. तेच माप."

माप असतं, आणि चांगलं देखणं असतं. इंडियन रोड्स काँग्रेस (आयआरसी) या रस्ते-इंजिनिअरांच्या संस्थेने १९८८ साली ‘आयआरसी ९९’ या क्रमांकाची एक पुस्तिका काढली. तिच्यातला गतिरोधक म्हणजे १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा एक अलगद काढलेला काप. गाडीच्या जाण्याच्या दिशेने ३.७ मीटर लांब आणि मधोमध फक्त १० सेंटीमीटर उंच. ट्रक-बसची वर्दळ असेल तर दोन्ही अंगांना आणखी दीड-दीड मीटरचा उतार द्यायचा. ताशी २५ किलोमीटरने येणाऱ्या गाडीला त्याने फारसा त्रास होऊ नये, त्याहून जोरात येणाऱ्याला झालाच पाहिजे, असा हिशेब. ३.७ मीटर म्हणजे किती, तर छोटी अल्टो त्याच्या कडांच्या आत अख्खी उभी राहील. आमच्या गल्लीत जो झाला तो म्हणजे रस्त्यात अर्धा पुरलेला वरवंटा.

पुस्तिकेतला हा आकार कुणी सहज म्हणून काढलेला नाही. तो मूळचा इंग्लंडचा. बर्कशायर परगण्यात क्राउथॉर्न इथे रस्ते आणि वाहतुकीवर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा होती. तिथल्या जी. आर. वॉट्स यांनी वेगवेगळ्या लांबी-उंचीचे उंचवटे करून त्यांवरून वाहनं नेऊन पाहिली आणि १९७३ साली अहवाल दिला. सरकारी पगारावर दिवसभर स्पीडब्रेकरवरून गाड्या नेणं ही नोकरी आपल्याकडे निघाली तर अर्जांचा ढीग पडेल. अनुभव तर सगळ्यांकडेच आहे.

पण त्यांना जे सापडलं ते आमच्या कट्ट्याला ऐकवण्यासारखं आहे. आखूड, टेंगळासारखा उंचवटा असेल तर जितकं जोरात जावं तितका आतल्या माणसाला त्रास कमी. हळू गेलात तर गाडी चढते, आदळते, पाठीत कळ येते. जोरात गेलात तर चाक वर उडून पलीकडे उतरतंही, धक्का टायर आणि स्प्रिंगा गिळून टाकतात, गाडीच्या धडाला वर जायला वेळच मिळत नाही. लांब आणि पसरट उंचवट्यावर मात्र चाकापाठोपाठ अख्खी गाडी वर येते आणि खाली जाते. तिथे वेग वाढला की त्रासही वाढतो. गंमत लांबीत आहे, उंचीत नाही. म्हणजे आजोबांनी मागितलेली ती सगळी घमेली एकमेकांवर न रचता पुढे-मागे पसरायला हवी होती.

हा शोध बुलेटवाल्या पोरांनी कुठलाही अहवाल न वाचता केव्हाच लावलेला आहे. ती आमच्या वरवंट्यावरून ठो करून जातात. दबकतो कोण? दवाखान्याला निघालेली अवघडलेली बाई घेऊन जाणारा रिक्षावाला, सायकलवरचा दूधवाला, आणि संध्याकाळी फिरायला निघालेले तेच आजोबा, ज्यांना त्याच्या कडेला पाणी जाण्यासाठी सोडलेल्या फटीतून जावं लागतं. त्या फटीतही निवांतपणा नाही, कारण सगळ्या दुचाक्यांनीही तीच धरलेली असते.

गाड्यांचा वेग भल्याभल्यांना छळतो. आर्थर कॉम्प्टन या अमेरिकी शास्त्रज्ञाला १९२७ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. क्ष-किरण इलेक्ट्रॉनवर आदळून परततात तेव्हा त्यांचं काय होतं, हे त्यांनी दाखवलं होतं. पुढे सेंट लुईसमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे ते कुलपती झाले. तिथे इमारतीसमोरून गाड्या सुसाट जातात हे पाहून १९५३ साली त्यांनी स्वतः वाहतूक आवरणारे उंचवटे आखले. आमच्या कट्ट्याला मी हे सांगितलं. "बघा," एक आजोबा म्हणाले, "नोबेलवाल्यालाही अर्ज-विनंत्या करून भागलं नाही."

आपल्याकडे रस्त्यांचा विचार सरकारी पातळीवर पद्धतशीर सुरू झाला त्यामागे एक मराठी बॅरिस्टर आहे. पुणे विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय ज्यांच्या नावाचं, ते मुकुंदराव जयकर १९२७ साली नेमलेल्या रस्तेविकास समितीचे अध्यक्ष होते. तेव्हा देशात मोटारी त्या किती! तरी समितीने सांगितलं की पेट्रोलवर जादा कर बसवा आणि तो पैसा रस्त्यांना द्या, तंत्रज्ञांची एक संस्था उभी करा, संशोधनाची सोय करा. त्यातून १९२९ साली रस्तेनिधी आला, १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस, आणि १९५२ साली दिल्लीत केंद्रीय रस्ते संशोधन संस्था. जयकरांच्या ग्रंथालयात अभ्यास करून मुलं बाहेर पडतात आणि विद्यापीठ चौकातल्या वाहतुकीत अडकतात, यात त्यांचा काही दोष नाही.

आता त्या १९८८च्या पुस्तिकेबद्दल एक सांगायचं राहिलं. ती निघाली होती दुय्यम, लहान रस्त्यांसाठी. हमरस्त्यावर, जिथे गाड्या ताशी ८०-९०ने येतात, तिथे असा उंचवटा घालणं धोक्याचंच. २०१६ साली तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राष्ट्रीय महामार्गांवरचे गतिरोधक काढून टाका असं राज्यांना कळवलं. तरी कुठल्याही फाट्यावर जाऊन बघा.

माझ्या माहेरचा फाटा घ्या. एका अंगाला शाळा, दुसऱ्या अंगाला एसटीचा थांबा, मध्ये भरधाव रस्ता. सरकारी व्याख्येप्रमाणे राष्ट्रीय महामार्गावरची एखादी जागा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरायला साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर जखमींचे पाच अपघात व्हावे लागतात, नाहीतर दहा मृत्यू. गावाला एवढी माणसं मोजत बसता येत नाहीत. शाळेतलं एक पोर गेलं की गाव रस्त्यावर उतरतं. टायर पेटतात, दोन्हीकडे ट्रकांची रांग लागते, तहसीलदारांची गाडी येते, "लेखी द्या" म्हणून गाव अडून बसतं. आणि संध्याकाळपर्यंत खडी-डांबर येऊन पडतं. उंची ठरवायला घमेल्यांचा हिशेब तिथेही तोच असतो, फक्त तिथे कट्ट्यावरच्या थट्टेच्या जागी रडून सुजलेले डोळे असतात. अशा वेळी १७ मीटरची त्रिज्या घेऊन कोण पुढे येणार?

मग त्याला ना पांढरे पट्टे, ना पाटी, ना दिवा. अंधारात तो दिसत नाही. मोटरसायकलवर मागे एकाअंगी बसलेल्या बायका, मांडीवर लेकरू, कोपरात अडकवलेली पिशवी. पहिल्यांदा त्याच उडतात. ज्याने जीव वाचवायचे तोच घ्यायला लागतो.

याला लोकांचा अडाणीपणा म्हणून मोकळं होणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. त्या फाट्यावर पोरं कुठून ओलांडतात, एसटी नेमकी कुठे थांबते, ट्रकवाला उतारावर गिअर कुठे सोडतो, हे गावातल्या चहाच्या टपरीवाल्याला जेवढं ठाऊक आहे तेवढं दिल्लीच्या प्रयोगशाळेला कधीच असणार नाही. आणि तो उंचवटा कसा घातला म्हणजे काम करील, हे टपरीवाल्याला कळायचं काही कारण नाही. गावाने जागा सांगायची आणि इंजिनिअरने आकार द्यायचा, एवढी साधी वाटणी आहे. होतं असं की गाव ओरडतं तेव्हा इंजिनिअर जागेवर नसतो आणि इंजिनिअर येतो तेव्हा सोबत पुस्तिका नसते, वरून आलेला फोन असतो. मंत्र्यांचा दौरा असला की हेच उंचवटे रातोरात खरवडून निघतात, हेही आपण पाहिलेलं आहे. तेव्हा यंत्रणा किती चपळ होते!

त्यातल्या त्यात रम्बलर बरे. पांढऱ्या जाड पट्ट्यांची ती ओळ चाकाखाली टर्रर्र करते, डुलकी लागलेला ड्रायव्हर जागा होतो, कुणाची कंबर मोडत नाही. पण रम्बलर झाल्यावर गावाला काहीतरी मिळाल्यासारखं वाटत नाही. गाडी थांबलेली डोळ्यांना दिसली पाहिजे.

आमच्या गल्लीचं पुढे काय झालं? गल्लीत सिव्हिलचा डिप्लोमा केलेला एक मुलगा आहे. त्याने आयआरसीची पानं जोडून नगरपालिकेत अर्ज केला: आकार दुरुस्त करावा, पट्टे मारावेत आणि नियमाप्रमाणे ४० मीटर आधी सूचना फलक लावावा. आकार आणि पट्टे यांची फाईल अजून फिरते आहे. फलक मात्र आला, कारण फलकांचा खर्च वेगळ्या खात्यातून होतो म्हणे. आता आमची गल्ली ती केवढीशी, ४० मीटर मागे मोजत गेल्यावर तो फलक शेजारच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीसमोर रोवला गेला. तिथल्या लोकांनी दोन दिवस फलकाकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं आणि सह्यांची मोहीम काढली: फलक आमच्याकडे लावलात, स्पीडब्रेकर कुठे आहे? परवा त्यांच्यातले दोघं ज्येष्ठ आमचा बघायला आले होते. काठीने उंचीचा अंदाज घेतला, आपसात काहीतरी बोलले. त्यांना आमच्यापेक्षा उंच हवाय.