तुम्ही विचारलंत म्हणून: कॉलेजने तुझ्यात काय बदल केला?

शेवटच्या सत्राची परीक्षा संपल्यापासून घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, की चार वर्षे अकोल्याला कृषी विद्यापीठात राहून तुझ्यात काय फरक पडला? पूर्वी मी अबोल होते आणि आता चारचौघांत बोलते, असे मी सांगावे अशी विचारणाऱ्यांची अपेक्षा असते. तसे मी सांगणार नाही. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात मी कधीच अबोल नव्हते. पहिल्या वर्षी वर्गात गप्प राहिले ती शिकवणे इंग्रजीत होते म्हणून, आणि ती अडचण काही महिन्यांत सरली. तिला व्यक्तिमत्त्व विकास म्हणणे मला पटत नाही.

फरक पडला तो सातव्या सत्रात, ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी एका गावात राहत असताना. शेतकऱ्यांच्या बैठकीत फरदडीवर, म्हणजे हंगाम संपल्यावरही कापसाचे पीक पाणी देऊन शेतात उभे ठेवण्यावर, बोलण्याचे काम माझ्याकडे होते आणि विषय मला पक्का ठाऊक होता. डिसेंबरअखेर पऱ्हाटी (कापसाची झाडे) उपटली नाही, तर गुलाबी बोंडअळीला उन्हाळ्यापर्यंत खाद्य मिळते, तिच्या अळ्या बोंडांत सुप्तावस्थेत तग धरतात आणि पुढच्या हंगामात पात्या-फुले लागताच डोमकळ्या, म्हणजे अळीने आतून पोखरलेली, न उमललेली फुले, दिसू लागतात. 2006 साली आलेल्या, बोंडअळीविरोधी दोन जनुके असलेल्या बीटी कापसाच्या वाणांनाही ही अळी आता जुमानत नाही. 2017 मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्याने बोंडअळीपायी काय सोसले आणि फवारणीच्या विषबाधेत किती घरांतली माणसे गेली, हे तिथे कोणाला सांगावे लागले नाही. हेक्टरी 5 कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावा, सलग 3 रात्री प्रत्येक सापळ्यात 8 पतंग आले तरच फवारणीचा विचार करा, इथपर्यंत मी अडखळले नाही.

तेव्हा मागच्या रांगेतले एक वयस्कर शेतकरी उभे राहिले. “बाई, पराटी उपटतो मी. पण मार्चात पैसा कोठून आणू, ते सांग.”

मला बोलता आले नाही. त्या प्रश्नाचे उत्तर आमच्याच घरात होते: विहिरीला पाणी असे त्या वर्षी बाबा पऱ्हाटीला दोन पाणी जास्त देत, उन्हाच्या तोंडावर निघणारा आखूड धाग्याचा कापूस पडत्या भावाने विकत, आणि त्याच पैशांतून माझी दुसऱ्या सत्राची फी आणि खानावळीचे बिल भागे. ज्या फरदडीवर मी शिकले, ती ठेवू नका असे मी त्या माणसाला सांगत होते. सर पुढे झाले, त्यांनी उन्हाळी तीळ आणि मुगाचा पर्याय समजावला. त्या काकांनी हजेरीच्या वहीत सही केली आणि ते निघून गेले.

माझा सल्ला चुकीचा नव्हता, हे मी आजही ठामपणे म्हणते. पहिल्या वर्षीची मी इथेच थांबले असते. शास्त्र सांगते ते शेतकऱ्याने ऐकावे, असे तेव्हा मला अगदी मनापासून वाटे, आणि बाबांशी त्यावरून दिवाळीच्या सुट्टीत कडाक्याची भांडणेही होत. त्या मुलीला मी आज खोटे पाडू शकत नाही. परंतु तीळ पेरायला पाणी लागते, बियाण्याला हातात रोकड लागते, आणि एकट्याने पऱ्हाटी उपटून भागत नाही, कारण धुऱ्यापलीकडच्या शेतात ती मार्चपर्यंत उभी असते. हे मी लहानपणापासून पाहत आले होते, तरी कोणत्याही परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ते लिहावे असे मला कधी सुचले नाही, आणि त्याचे मला अजून वाईट वाटते.

यंदा बाबांनी निम्म्या शेतातली पऱ्हाटी काढून तीळ पेरला. उरलेल्या निम्म्याबद्दल आमचे एकमत झालेले नाही. पुन्हा अशा बैठकीत उभी राहिले, तर मी बोंडअळीच्या आधी मार्चच्या पैशांविषयी बोलेन, आणि त्या काकांचे पुरते समाधान करील असे उत्तर तेव्हाही माझ्याजवळ असेल, याची मला खात्री नाही.