साडेसहा हजारांचं कापड

कपाटात ते दोन वर्षं पडून होतं. पडून म्हणजे जपून. आमच्या घरात हे दोन्ही शब्द एकाच कप्प्यात राहतात.

भाचीने लंडनहून आणलेलं दोन मीटर सुती कापड. बारीक फुलं, निळी आणि विटकरी, इतकी दाट की खालची जमीन शोधावी लागते. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून, कडुलिंबाचा पाला घालून वरच्या कप्प्यात ठेवलेलं. दिवाळीला कपाट आवरताना बाहेर काढायचं, गालाला लावायचं, "यंदा शिवायचंच" म्हणायचं, घडी बदलायची आणि परत आत. घडी बदलायची कारण एकाच घडीवर राहिलं की सुती कापड तिथेच विरतं, असं आई सांगायची.

भाचीने किंमत सांगितली नव्हती. मीच खोदून खोदून विचारली. मीटरला तीस पौंडांच्या आसपास, म्हणजे दोन मीटरचे आपले साडेसहा हजार. आमचे हे पेपर वाचत बसले होते. पेपर खाली न करता म्हणाले, "बाप्पा! एवढ्यात तं कूलर येते." नागपुरात वस्तू महाग की स्वस्त हे कूलरवरून ठरतं, त्यामुळे मला लगेच उत्तर सुचलं नाही. मग त्यांनी पेपर खाली केला. "आणि शिवणार कोण? तू?"

त्या दिवसापासून कात्री लावायची माझी हिंमत आणखी एक वर्षाने पुढे गेली.

लॉन म्हणजे बारीक सुताचं तलम कापड, आणि या कापडाचं नाव ताना लॉन. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, चला, आपलाच शब्द, ताणाबाण्यातला ताणा साहेबाने उचलला. तसं नव्हतं. इथिओपियात ताना नावाचं मोठं सरोवर आहे, नाईलची निळी शाखा तिथून निघते. त्या भागातल्या कापसावरून हे नाव पडलं. विकणारं दुकान लिबर्टी, लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर १८७५ साली उघडलेलं. हे साल वाचलं आणि मी थबकले, कारण आमच्या नागपूरच्या एम्प्रेस मिलचा भोंगा त्यानंतर दोनच वर्षांनी वाजला. १ जानेवारी १८७७. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं गेलं, म्हणून जमशेटजी टाटांनी मिलचं नाव एम्प्रेस ठेवलं. मुंबई सोडून ते इथे आले ते कापसासाठी. कापूस अंगणात, कोळसा जवळ, रेल्वे दारात. माझे आजोबा त्याच मिलमध्ये होते, साच्यावर, म्हणजे मागावर. त्यांच्या अंगात मात्र मी कायम जाडेभरडे मांजरपाटाचे सदरे पाहिले. मिल बंद पडून वीस वर्षांच्या वर झाली, आता त्या जागेवर मॉल आहे आणि मॉलमध्ये कपड्यांचीच दुकानं आहेत.

असो. मुद्दा कापडाचा.

शेवटी मी त्या कापडाचा कोपरा घेऊन गांधीबागेत गेले. तिथे एका गल्लीत माझं ठरलेलं दुकान आहे, जिथे गादीवर बसून ताग्यांच्या भिंतीकडे पाठ करून गप्पा मारता येतात. दुकानदार भाऊंनी आधी चहा सांगितला, मग कापड हातात घेतलं. अंगठा आणि तर्जनीत धरून चोळलं. उजेडासमोर धरलं. कडेचा एक धागा ओढून काढला, त्याचा पीळ नखाने उलगडला, आणि सोन्याचा कस लावून झाल्यासारखा चेहरा करून म्हणाले, "ताई, माल मस्त आहे. शंभराचा काउंट तरी असन."

काउंट हा शब्द मी जन्मभर ऐकत आले, पण त्याचा अर्थ त्या दिवशी विचारला. ८४० वारांची एक लडी. एका पौंड सुतात अशा जितक्या लडी बसतील तितका काउंट. म्हणजे शंभर काउंटाच्या पौंडभर सुतात ८४,००० वार. घरी येऊन गुणाकार केला तर ७७ किलोमीटर निघाले. अर्धा किलोही भरत नाही ते सूत, आणि त्याचं एक टोक सीताबर्डीला कुणी धरून उभं राहिलं तर दुसरं वर्ध्याच्या वेशीवर जातं. हे कळल्यावर कापडाकडे जरा अदबीने पाहावंसं वाटलं.

असं सूत काढायला कापसाचा तंतूच लांब लागतो. आपल्याकडच्या कपाशीचा तंतू साधारण २८ ते ३० मिलिमीटर. बारीक सुताच्या जाती ३५ च्या पुढे जातात. भारतातही तशी जात आहे, सुविन, १९७४ सालची, पण ती दक्षिणेकडची. लांब तंतू पिळात नीट बसतो, टोकं बाहेर येत नाहीत, म्हणून कापड गुळगुळीत लागतं आणि धुऊन धुऊन त्याला गोळे येत नाहीत. आखूड तंतूच्या कापडावर मांजराची लव आल्यासारखी दिसते ती याच टोकांची.

मग मी आणखी एक उद्योग केला. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर, जिथे मी एरवी चिवड्याचे पोहे मोजते, ते दोन मीटर कापड ठेवलं. दोनशे वीस ग्रॅम. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. सरकीसकट कापसातून रुई निघते साधारण एक तृतीयांश. म्हणजे दोनशे वीस ग्रॅम रुईला जेमतेम पाऊण किलो कापूस धरा. इथल्या भावाने साठ रुपये. साडेसहा हजारांतले साठ! हा हिशेब मी यवतमाळच्या माझ्या मावसभावाला फोनवर सांगितला. त्याची सात एकर कपाशी. नुकतंच सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीआधीची शेतातली पूजा, करून वेचणी लागली होती. तो काही वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "वजनकाटा बरोबर आहे ना वं तुझा?"

आता यात त्या कापडाची चूक नाही, हे मलाही कळतं. तो कापूस आपला नाही, आणि पैसे सुताचे, विणीचे, छापाईचे, चित्र काढणाऱ्याचे आणि बरेचसे नावाचे. शिवाय गांधीबागेतल्या दीडशे रुपये मीटरच्या केम्ब्रिकमध्ये, म्हणजे नेहमीच्या साध्या सुती कापडातही, शेतकऱ्याच्या वाट्याचं फार काही नसतं. पण हा आकडा एकदा डोक्यात बसला की "महाग कापड परवडतं का" हा प्रश्न सरळ राहत नाही. कोणाला परवडतं, हेही विचारावं लागतं.

शिवायला बसले ते मार्चमध्ये, एका सोमवारी, हे ऑफिसला गेल्यावर.

आधी केम्ब्रिकचा कुर्ता करून पाहिला, त्याच मापाचा. रंगीत तालीम. मग या कापडाला पाण्यात बुडवलं, सावलीत वाळवलं, ओलसर असतानाच इस्त्री केली. आटलं नाही फारसं. आईच्या पायमशीनवर सोळा नंबरची सुई होती. एका कडेला टिप मारून पाहिली तर प्रत्येक टाक्याशी धागा ओढला जाऊन कापडावर चरा पडल्यासारखं झालं. अकरा नंबरची लावली. तरी सुरुवातीला मशीनने कापड गिळलं. पातळ कापडाची ही खोड असते, सुईखालच्या भोकात आत ओढलं जातं. एरवी मी खाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवते आणि शिवून झाल्यावर फाडून टाकते. पण शाई लागेल या भीतीने वहीचा कोरा कागद घेतला. साडेसहा हजारांच्या कापडाला छापील बातम्या कशा लावणार?

एकदा लय लागल्यावर मात्र जे झालं, त्यासाठी हा सगळा लेख लिहिते आहे. ते कापड ऐकतं. दुसरा शब्द नाही. नखाने घडी दाबली की ती घडी इस्त्रीची वाट न पाहता तशीच राहते. उभा धागा सरळ म्हणजे सरळ. केम्ब्रिकचा गळा उरेब पट्टी लावताना हातात वेडावाकडा होत होता, दर दोन इंचांवर टाचणी. इथे पट्टी आपणहून वळली. माया अर्धा इंच सोडली होती, कडा सुटून त्यातले चार धागेही गेले नाहीत. सगळ्या शिवणी मी आतून बंद करून घेतल्या, कच्ची कड कुठे दिसू दिली नाही. हे मी आयुष्यात कोणत्याही कुर्त्याला केलेलं नाही. दुपारचं जेवण राहिलं. कापडाचा हात सोडवेना.

केम्ब्रिकचा कुर्ता चार तासांत उरकला होता. याला तीन दिवस लागले, आणि ते तीन दिवस मला कंटाळा आला नाही. साडेसहा हजारांपैकी काही वसूल झाले असतील तर ते इथे, मशीनवर. अंगात घालणाऱ्याला त्यातलं निम्मंही कळत नसेल.

आणि मग बाह्या.

कापड वाचवायचं म्हणून दुहेरी घडीवर न कापता मी बाह्या एकेक करून कापल्या. पहिली कापली, कागद उचलला, शेजारी ठेवला, दुसरी कापली. मुंढ्याला जोडायला घेतल्यावर लक्षात आलं की दोन्ही डाव्या हाताच्या आहेत. शिवण शिकणारी पहिल्या महिन्यातली मुलगी ही चूक करते, आणि क्लासमध्ये बाई तिला सगळ्यांसमोर उभं करतात. मी साठीला टेकलेली बाई, मी कोणासमोर उभी राहू?

एक बाही उलटी करून लावता आली असती. छापाई इतकी बारीक की मागूनही फुलं दिसतात, फक्त किंचित फिकी. केम्ब्रिक असतं तर डोळे झाकून लावली असती, आणि कुणी विचारलं असतं तर फॅशन म्हटलं असतं. या कापडाला ते करवेना. महाग कापडाचा हा एक छुपा खर्च असतो, तो पावतीवर येत नाही: ते आपल्याला खोडी लावतं. शेवटी दोन्ही बाह्या बाजूला ठेवल्या आणि गांधीबागेच्या निळ्या केम्ब्रिकच्या बाह्या लावल्या. संध्याकाळी हे आले, कुर्ता उलटासुलटा पाहिला. "बाह्या छान दिसून राहिल्या," म्हणाले.

मे महिन्यात दोन्ही कुर्ते घालून पाहिले. पारा पंचेचाळीसला गेला की नागपुरात प्रत्येक सुती कापडाची परीक्षा होते, आणि मी या दोघांत तिसरा एक मलमलचाही घुसवला. खरं सांगायचं तर गारव्यात मलमलच पहिली. तिची वीण विरळ, वारा आरपार जातो. लॉनचं सूत बारीक असलं तरी वीण घट्ट, त्यामुळे वारा अडतो. पण मलमल घालून धरमपेठेत भाजी आणायला जायचं तर आत अस्तर हवं, आणि अस्तर लावलं की दोन थर होतात, मग गारवा कुठला? लॉनला अस्तर लागत नाही. तेव्हा घरात मलमल, बाहेर लॉन. केम्ब्रिक दोन्हीकडे चालतं आणि दोन्हीकडे थोडं थोडं उकडतं. बोअरच्या जड पाण्यात दहा-बारा धुण्यांनंतर केम्ब्रिकवर लव आली, लॉनवर नाही. केम्ब्रिकच्या बाह्या असलेल्या लॉनच्या कुर्त्याचं काय, ते मात्र पाहण्यासारखं आहे: अंग नवंकोरं आणि हात जुने.

पुन्हा घेईन का? स्वतःच्या पैशाने, मीटरला तीन हजार देऊन, नाही. पाच-सहाशेच्या आत चांगलं बारीक भारतीय लॉन मिळतं, तेही हाताशी ऐकतं, आणि ते कापताना श्वास रोखावा लागत नाही. शंभर-सव्वाशेच्या खालचं मात्र मी आता शिवायला घेत नाही. शिलाईचे कष्ट तेवढेच, आणि दोन पावसाळ्यांत पोछा.

त्या दोन डाव्या बाह्या बरेच दिवस मशीनच्या खणात होत्या. नोव्हेंबरमध्ये भाचीला मुलगी झाली. मी बाह्या उसवून, जोडून त्यांचं झबलं केलं, बंद लावले, एकही शिवण बाळाच्या अंगाला टोचणार नाही अशी सगळी बाहेरच्या बाजूने घेतली. तंतोतंत बसलं. मागे फक्त नखाएवढ्या चिंध्या उरल्या. पार्सलने लंडनला पाठवलं.

आठ दिवसांनी भाचीचा फोन आला. "मावशी, काय सुंदर गं! पण इथे फार थंडी आहे. कपाटात नीट जपून ठेवलंय."