रिकामा रथ

दुपारी वीज गेली म्हणून बऱ्याच दिवसांनी अयोध्याकांड उघडलं. धनुष्यभंग, रावणवध आपल्याला पाठच असतो. मी अडकले तमसेच्या काठावर, वनवासाच्या पहिल्या रात्री. मागोमाग आलेले अयोध्येचे लोक झाडांखाली गाढ झोपलेले. राम उजाडायच्या आत उठतो आणि सुमंत्राला सांगतो, रथ आधी उत्तरेकडे ने, मग वळवून आण. चाकांच्या खुणांवरून कुणाला माग लागायला नको. समोर 14 वर्षं, आणि याचं लक्ष धुळीतल्या चाकोऱ्यांवर! (अशा वेळी देव म्हणवत नाही त्याला.) पुढे गंगेकाठी वडाच्या चिकानं जटा वळल्या आणि सुमंत्राला परत पाठवलं. तो रिकामा रथ घेऊन नगरात शिरला, तर लोक धावत आले, ‘राम कुठंय?’

वीज कधी आली, कळलंच नाही.