गोंदण, कान आणि बाजाराचा वार

2013 साली मी हवालदार होते आणि पोलीस ठाण्यातलं मिसिंगचं, म्हणजे बेपत्ता माणसांचं, टेबल माझ्याकडे होतं. हरवल्याची खबर घ्यायची, फोटो मागायचा, बिनतारी संदेश पाठवायचा, शोधपत्रिका काढायची आणि दर महिन्याला ‘शोध चालू आहे’ असा अहवाल वर द्यायचा. सगळी पोलीस ठाणी संगणकानं जोडणारं सीसीटीएनएस आमच्याकडे अजून सुरू व्हायचं होतं. शेजारच्या ठाण्यात कोण सापडलं, हे कागद इकडे आला तरच कळायचं, आणि आलेला कागद कुणी वाचला तर.

दर गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, एक बाई यायची. पिशवीत मेथी, कोथिंबीर, आणि प्रश्न एकच. “ताई, आईचं काय कळलं का?” आई 62 वर्षांची, विधवा, बाजाराला म्हणून गेली ती परतलीच नाही. गावात लोक म्हणत, देवाला गेली असेल, सुनेशी पटत नव्हतं. लेक म्हणायची, “आई कानातली सोन्याची फुलं घालून देवाला जायची नाही. पंढरीला जाताना ती माझ्याकडं काढून ठेवायची.” हे वाक्य मी खबरीत लिहिलं नाही. त्याला रकानाच नव्हता. गोंदण मात्र लिहिलं होतं : उजव्या हातावर तुळशीवृंदावन.

सात महिने असेच गेले.

ऑगस्टमध्ये एका समन्सच्या बजावणीसाठी मी शेजारच्या तालुक्यातल्या ठाण्यात गेले होते. पाऊस कोसळत होता, साहेब कोर्टात. कारकुनाच्या टेबलावर अकस्मात मृत्यूचे, आमच्या भाषेत एडीचे, कागद वर पाठवायला काढून ठेवले होते. सवयीनं चाळायला लागले. एक इन्क्वेस्ट, म्हणजे प्रेताचा, पंचनामा : अनोळखी स्त्री, वय अंदाजे 55, विहिरीत पाण्यावर तरंगताना मिळून आली, अंगावर नऊवारी, ‘उजव्या हातावर नक्षी गोंदलेली’.

नक्षी. मी फोटो खिडकीपाशी नेला. हात फुगलेला, कातडी सुटत आलेली. तरी खाली तीन पायऱ्या दिसत होत्या, त्यावर चौकोन, त्यातून वर गेलेली काडी आणि दोन्ही बाजूंना ठिपके. ज्यानं पंचनामा लिहिला त्याला ती नक्षी वाटली. माझ्या आजीच्या हातावर तसंच वृंदावन होतं, म्हणून मला ते वाचता आलं. त्या एका शब्दापायी सात महिने लेक माझ्या टेबलाशी येत राहिली आणि तिची आई बारा कोसांवर बेवारस म्हणून पुरलेली होती.

मग मी पीएमचा, म्हणजे शवविच्छेदनाचा, कागद पाहिला. दोन्ही कानांच्या पाळ्या फाटलेल्या. शेजारी शेरा होता, मासे आणि खेकड्यांनी खाल्ल्या असाव्यात. दागिन्यांच्या रकान्यात आडवी रेघ. मासे खातात, हे खरं आहे. पाण्यातली प्रेतं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण ते ओठ खातील, बोटं खातील. नेमक्या भोकापासून खाली दोन्ही पाळ्या चिरतील आणि बाकी कान जागेवर ठेवतील? त्याच ठाण्यातली मागच्या दोन वर्षांची एडीची बाडं मी कारकुनाला काढायला लावली. दुपारी चार वाजता आणखी एक म्हातारी सापडली. शेततळं, घसरून पडून मयत, डावी पाळी फाटलेली. हिची ओळख पटली होती, नातेवाइकांची तक्रार नव्हती.

रात्री आमच्या पीआय साहेबांपुढे दोन्ही झेरॉक्स ठेवल्या. मला वाटलं होतं, सकाळी बघू म्हणतील. ते उठून दार लावून बसले. बायकांना सायनाइड देऊन मारणाऱ्या कर्नाटकातल्या सायनाइड मोहनचं उदाहरण त्यांनीच दिलं. 2009 साली तो पकडला गेला, तेव्हा हरवल्याच्या तक्रारी मंगळुरूकडच्या गावांत पडून होत्या आणि प्रेतं मैसूर, मडिकेरी, बेंगळुरूच्या बसस्टँडच्या शौचालयांत अनोळखी म्हणून नोंदलेली. प्रत्येक ठाण्याकडे अर्धीच गोष्ट. त्याच वर्षी गोव्यात लग्नाचं आमिष दाखवून पोरींना मारणारा महानंद नाईक धरला गेला. तिथे पोरी लग्न ठरलंय म्हणून घरातून गेल्या होत्या आणि घरच्यांना वाटत होतं, कुठेतरी संसार करत असतील. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर खून प्रकरणातही जानेवारी 1976 मध्ये मारलेला पहिला मुलगा वर्षभर घर सोडून गेलेलाच समजला जात होता, कारण तशी चिठ्ठी त्याच्याकडून आधीच लिहून घेतली होती. शेवटच्या प्रेताला बांधलेली नायलॉनची दोरी आणि तिच्या गाठी आधीच्या खुनांशी जुळल्या, तेव्हा कुठे सुतावरून पोलीस पोचले.

“आपली गाठ कानात आहे,” साहेब म्हणाले.

पुढचे दहा दिवस स्थानिक गुन्हे शाखेचे दोघे आणि मी, पाच ठाण्यांची तीन वर्षांची रजिस्टरं घेऊन बसलो. पन्नाशीपुढच्या बायका, पाण्यात सापडलेल्या, अंगावर सोनं नाही. लोकांना वाटतं, असा तपास म्हणजे पाठलाग आणि प्रयोगशाळा. आमचा तपास म्हणजे आखलेला फुलस्केप कागद होता. तारीख, गाव, वय, दागिने, कान, गळ्यावर व्रण आहे की नाही. कान जुळणाऱ्या चार निघाल्या. मी एक रकाना वाढवला, वार. घरी जुनी कालनिर्णयं खिळ्याला अडकवलेली होती, ती आणली. तीन बायकांची बेपत्ता झाल्याची तारीख माहीत होती. एकीचा गुरुवार, एकीचा सोमवार, एकीचा शनिवार. साहेबांना त्यात काही दिसेना. मी म्हटलं, “साहेब, तीन गावं आहेत आणि तिघींच्याही गावचा तो बाजाराचा वार आहे.”

म्हणजे बाजारांमागे फिरणारा माणूस. कापडवाला, भांडीवाला, बांगड्यावाला किंवा वडापवाला, म्हणजे जीपमधून सीटवर माणसं नेणारा. आणि जड पिशवी घेऊन एकटी उभी असलेली म्हातारी कुणाच्या गाडीत बसते, हे खेड्यात कुणाला सांगावं लागत नाही. टॉवरचा डंप डेटा, म्हणजे त्या दिवशी त्या टॉवरवर आलेले सगळे मोबाइल नंबर, मागवला, तीन ठिकाणी समान असलेले नंबर वेगळे काढले, त्यातला एक जीप चालवणारा निघाला. उचलला तो गुन्हे शाखेनं. त्यात माझा हात नाही.

त्यानं सगळं सांगितलं, पण पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. महानंदवर सोळा खुनांचे आरोप होते. पुराव्याअभावी त्यातल्या अनेक खटल्यांत तो सुटला. आपल्या कायद्यात ‘सिरियल’ असा वेगळा गुन्हाच नाही. प्रत्येक बाईचा गुन्हा वेगळा, पंचनामा वेगळा, पुरावा तिच्यापुरता उभा राहिला पाहिजे. म्हणून पुरावा कायद्याच्या तेव्हाच्या कलम सत्तावीसचा मेमोरंडम पंचनामा करून, म्हणजे माल दाखवतो हे त्याचं सांगणं पंचांसमोर लिहून घेऊन, त्यानं दाखवलेल्या सराफाकडे गेलो. बहुतेक सोनं आटवून लगड झालेलं. लगडीला कुणाचा कान सांगता येत नाही. फक्त फुलांचा एक जोड आटवायचा राहिला होता.

तहसीलदारांसमोर तशीच दिसणारी आणखी चार जोड फुलं मिसळून मांडली. लेक आली. तिनं एकाही फुलाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. एकेक जोड उलटा करत गेली आणि तिसऱ्याला थांबली. एका फुलाची फिरकी सैल होती म्हणून आईनं दांडीला तांब्याची बारीक तार गुंडाळलेली होती. “ही मोटारीच्या वायंडिंगची तार आहे. माझ्याच घरात काढून दिली होती,” एवढं बोलून ती खाली बसली.

प्रेत तहसीलदारांच्या हजेरीत उकरलं. अनोळखी प्रेत जाळत नाहीत, पुरतात, ते याचसाठी. डीएनए लेकीशी जुळला. दोन खुनांत जन्मठेप झाली. तिसरी तळ्यातली, तिचं दहन झालेलं, दागिने आटलेले, तो खटला उभाच राहिला नाही. तिच्या मुलाला ते समजावून सांगायला साहेबांनी मला पाठवलं. तो ऐकून घेत होता, मधेच म्हणाला, “मीच लिहून दिलं होतं ना, तक्रार नाही म्हणून.” मी त्याला उत्तर देऊ शकले नाही.

चौथी आजही अनोळखी आहे. हिरवट नऊवारी, वय साठीच्या आसपास, कपाळावर गोंदणाचा ठिपका, पुढचा एक दात पडलेला. मिसिंगच्या टेबलावरून बदली झाली तेव्हा पुढच्या पोरीला मी रजिस्टर सोपवलं आणि तिचा फोटो वरच ठेवला. कुठल्याच ठाण्यात या वर्णनाची बाई हरवल्याची खबर सापडली नाही.