आमची वाटचाल : कर्ण्यापासून सुपरकार्डिऑइडपर्यंत

एक अ‍ॅम्प्लिफायर, दोन कर्णे आणि एक जडशीळ माईक एवढ्या भांडवलावर वडिलांनी अंबाजोगाईत साउंड सर्व्हिस सुरू केली, तेव्हा लग्ने, सभा आणि हरिनाम सप्ताह यांवरच आमचे घर चालत असे. माईकमध्ये प्रकार कसले, अशी आमची समजूत होती, आणि कर्णे मंडपाबाहेर लिंबाच्या झाडावर बांधलेले असल्यामुळे ती बरीच वर्षे खपूनही गेली.

पुढे मंचाच्या दोन्ही अंगांना स्पीकर आले, गायकांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्यांच्यापुढे मॉनिटर स्पीकर आले, आणि त्यांच्यामागोमाग शिट्टीही आली, म्हणजे स्पीकरचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरून उठणारी किंकाळी. भारीतला माल म्हणून आम्ही कंडेन्सर माईकची जोडी घेतली. पहिल्या दिवशी ती बोललीच नाही, कारण तिला लागणारा 48 व्होल्टचा फँटम पुरवठा, म्हणजे मिक्सरकडून माईकच्या तारेतूनच येणारी वीज, आमच्या जुन्या मिक्सरमध्ये नव्हता. मिक्सर बदलला, आणि पत्र्याच्या सभामंडपातल्या कीर्तनात बुवांपेक्षा टाळ आणि पखवाजच मोठे ऐकू येऊ लागले. दोष कंडेन्सरचा नव्हता. त्याचा आवाजाने थरथरणारा हलका पडदा टाळांची किणकिण वीज न लागणाऱ्या साध्या डायनॅमिक माईकपेक्षा स्वच्छ पकडतो, हे खरेच. परंतु आम्ही तो बुवांपासून दोन फुटांवर उभा केला होता.

माईक कोणत्या बाजूचे ऐकत नाही, हे पाहण्याची सवय आम्हाला त्यानंतर लागली. कार्डिऑइड जातीचा माईक कोणत्या बाजूने किती ऐकतो, याचा आलेख पत्त्यांतल्या बदामासारखा असतो. बदामाची खाच म्हणजे माईकची पाठ, आणि तिथून येणारा आवाज तो फारच कमी घेतो. म्हणून 1966 पासून बाजारात असलेल्या शुअर एसएम 58 सारख्या कार्डिऑइड डायनॅमिक माईकच्या थेट पाठीमागे मॉनिटर ठेवला की काम निर्वेध होते. हाच नियम आम्ही नव्या सुपरकार्डिऑइडलाही लावला आणि एका शाहिरी जलशात पहिल्या गणापासून शिट्टी खात राहिलो. सुपरकार्डिऑइड समोरून अरुंद ऐकतो, पण त्याच्या पाठीला लहानसा कान असतो. त्याच्या बहिऱ्या जागा समोरच्या रेषेपासून दोन्हीकडे सुमारे 126 अंशांवर येतात. मध्यंतरात एकाऐवजी दोन मॉनिटर तिरपे मांडले, तेव्हा कुठे जलसा सुरळीत झाला.

कीर्तनाचे गणित मात्र वेगळे आहे. बुवा अभंगाच्या ओघात टाळकऱ्यांकडे वळतात, आणि स्टँडवरचा माईक मागेच राहतो. कॉलर माईक त्यांच्याबरोबर फिरतो, पण तो बहुधा चहूबाजूंनी ऐकणारा असल्यामुळे शेजारचा पखवाजही बुवांच्या छातीवरूनच ऐकू येतो. शेवटी गालालगतचा माईक आणला. छातीवरचे 20 सेंटीमीटर अंतर 4 सेंटीमीटरवर आले की बुवांचा आवाज सुमारे 14 डेसिबलने वाढतो, आणि तेवढाच मिक्सरवरचा गेन, म्हणजे माईकचा आवाज वाढवण्याचे प्रमाण, उतरवता येतो. काही ज्येष्ठ बुवांना तो मुखाशी नकोसा वाटतो. त्यांच्यासाठी कॉलर माईकचा डबा अजून सोबत असतो.

हौशी गायकांपुढे मात्र आमचे काहीच चालत नाही. माईकची जाळी मुठीत आवळली की पडद्याच्या पाठीमागे आवाज पोहोचण्याची वाट बंद होते, बदामाचा जवळजवळ गोल होतो, म्हणजे माईक चहूबाजूंनी ऐकू लागतो, आणि शिट्टीचे खापर साउंडवाल्याच्या डोक्यावर फुटते.