पट्टीवरचा एक

आमचं मेडिकल सांगलीत गावभागात आहे, मारुती चौकापासून चालत पाच मिनिटं. मी डी.फार्म. केलंय, लग्न झाल्यापासून म्हणजे १९ वर्षं झाली काउंटरला मीच असते, आमचे हे खरेदी आणि होलसेलवाल्यांशी भांडणं बघतात. लोकांना वाटतं मेडिकलवाला म्हणजे चिठ्ठी बघायची, गोळी काढायची, पैसे घ्यायचे. बऱ्याच दिवशी तसंच असतं, खोटं कशाला बोलू. पण मागच्या श्रावणातला एक सोमवार माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

सकाळी साडेनऊ, पाऊस पिरपिर चालू, मी देवाला उदबत्ती लावत होते तेवढ्यात आमच्या नेहमीच्या काकू आल्या. त्यांचे मिस्टर म्हणजे सर, मराठीचे मास्तर, रिटायर होऊन बारा-तेरा वर्षं झाली, अर्ध्या गावभागाला त्यांनी शिकवलंय. काकू म्हणाल्या, "ताई, उलटीची गोळी द्या आणि पोट साफ व्हायचं कायतरी द्या." कुणाला म्हटलं तर "सरांनाच की, दोन्ही."

आता उलटी आणि जुलाब हे जोडीनं रोज ऐकते मी. उलटी आणि तीन-तीन दिवस संडासला नाही, हे जरा वेगळं वाटलं. म्हटलं काकू बसा, अजून काय होतंय? मग सगळं बाहेर आलं. जेवण जात नाही, पाणी मात्र तांब्यावर तांब्या पितात, रात्री चार वेळा लघवीला उठतात. काकूंना वाटलं शुगर, म्हणून शेजारच्या पोराच्या मशीनवर चेक केली तर नॉर्मल. आणि मग खाली बघून हळूच म्हणाल्या, "काल मला जाऊबाईंच्या नावानं हाक मारली ओ."

ते ऐकून उलटीची गोळी काढायला गेलेला हात माझा तसाच थांबला.

"सरांना गोळ्या काय काय चालू आहेत?"
"बीपीची एक. बाकी काय न्हाई."
"नक्की काही नाही?"
"औषध काय न्हाई. ताकदीचं घेतात ते वेगळं."

हे "ताकदीचं वेगळं" मी इतक्या वर्षांत हजार वेळा ऐकलं असेल. डॉक्टरनी विचारलं काय चालू आहे तर माणूस बीपी सांगतो, शुगर सांगतो, व्हिटॅमिन सांगतच नाही, कारण त्याच्या हिशोबात ते औषध नसतंच, ते खायचं असतं, बदाम खाल्ल्यासारखं. काकूंना म्हटलं घरी जा आणि जेवढ्या म्हणून गोळ्या, पावडरी, डबे असतील ते सगळं घेऊन या, आणि तोवर सरांना पाणी सोडून काही देऊ नका.

वीस मिनिटांत आल्या. सोनपापडीचा प्लास्टिकचा डबा, झाकणावर अजून दिवाळीचं स्टिकर. मी काउंटरवर पेपर पसरला आणि एकेक काढायला लागले. बीपीची गोळी, त्यात लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायाझाइड मिसळलेलं. कॅल्शियमच्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या गोळ्या, दोन्ही ५०० मिलिग्रॅमच्या, एक सकाळची एक रात्रीची, कारण एक हाडांच्या डॉक्टरनी दिलेली आणि दुसरी भिशीतल्या मित्रानं सांगितलेली. एक मल्टिव्हिटॅमिन. पुण्याच्या मुलीनं पाठवलेल्या केसांसाठीच्या गमी (सरांना केस आहेतच किती, पण असो). आणि तळाशी रबरबँड लावलेला रिकाम्या पट्ट्यांचा गठ्ठा. सरांना कागदाचा कपटासुद्धा टाकवत नाही, तर पट्ट्या कशा टाकतील.

त्या पट्ट्या डी-थ्रीच्या, म्हणजे व्हिटॅमिन डीच्या होत्या, ६०,००० युनिटच्या. ती तपकिरी पारदर्शक कॅप्सूल असते बघा, चिंचोक्याएवढी, हातात घेतली की तेलकट चमकते. एका पट्टीत ४ असतात. चारच का, तर आठवड्याला एक, म्हणजे एक पट्टी एक महिना. मी गठ्ठा सोडला आणि मोजायला लागले. २३ पट्ट्या रिकाम्या. एकीत २ शिल्लक. एक अख्खी. म्हणजे ९४ कॅप्सूल पोटात गेलेल्या. फाईल काढून चिठ्ठी बघितली तर डॉक्टरनी लिहिलेलं होतं, रिपोर्टमध्ये डी ११ आलंय, म्हणजे कमी, आठवड्याला एक, ८ आठवडे. म्हणजे ८ कॅप्सूल घ्यायच्या होत्या आणि चिठ्ठीची तारीख तीन महिन्यांपूर्वीची. सर रोज एक घेत होते.

मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ६०० युनिट लागतात. म्हणजे त्या एका कॅप्सूलमध्ये १०० दिवसांचं भरलेलं असतं. ९४ गुणिले ६०,००० मी कॅल्क्युलेटरवर केलं, छप्पन लाख चाळीस हजार आलं, परत केलं, परत तेच.

सी किंवा बी जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे निघून जातं (बी-सिक्स जास्त दिवस भरपूर खाल्लं तर हातापायाला मुंग्या येतात, ते वेगळं), पण डीचं तसं नाही, ए, डी, ई, के हे चरबीत मुरतात, साठत जातात. डी साठलं की ते आतड्यातून कॅल्शियम ओढत राहतं, आणि इथे तर सर दोन्ही वेळेला वरून कॅल्शियम पुरवत होते, आणि बीपीच्या गोळीतलं ते थायाझाइड नेमकं लघवीतून जाणारं कॅल्शियम अडवतं. नळ चालू आणि मोरीला बोळा. रक्तात कॅल्शियम चढलं की उलट्या, पोट गच्च, तहान, सारखी लघवी, आणि मग माणूस बरळायला लागतो. काकूंनी एकेक करून सगळं सांगितलंच होतं मला.

मी त्यांच्या डॉक्टरना फोन लावला. ते म्हणाले लगेच रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची टेस्ट, करा. रिक्षा करून लॅबला पाठवलं, दुपारी रिपोर्ट, कॅल्शियम १४.१. नॉर्मल साडेआठ ते साडेदहा. क्रिएटिनिन २.३, म्हणजे किडनीला पण मार बसलेला. संध्याकाळपर्यंत सर मिरजेला ऍडमिट. सलाईनवर सलाईन, बीपीची गोळी बदलली, ताकदीचं सगळं बंद.

आता खरं सांगायचंय ते पुढे आहे.

सरांना मिरजेला नेल्यावर मी परत तो गठ्ठा घेतला. हे कसं झालं कळत नव्हतं, कारण सर म्हणजे शुद्धलेखनाच्या वहीत अनुस्वार राहिला तर बोलवून घेणारा माणूस. सगळ्यात खालची म्हणजे पहिली पट्टी उलटी केली. मागच्या चंदेरी कागदावर निळ्या मार्करनी लिहिलेलं होतं "१". फक्त १. आणि अक्षर माझं होतं.

आम्ही असंच करतो, सगळेच मेडिकलवाले करतात, १-०-१ किंवा नुसत्या रेघा, गिऱ्हाईक पुढे उभं, मागे चारजण, तोंडानं सांगायचं "आठवड्याला एक हं काका" आणि पट्टीवर १. तोंडानं सांगितलं होतं का मला आठवत नाही. सांगितलं असेलही. सरांनी घरी जाऊन पट्टी बघितली, एक म्हणजे रोज एक, बाकीच्या पट्ट्यांवर तसंच तर असतं.

२०१९ च्या पुरात आमचं दुकान निम्मं पाण्यात गेलं, सगळ्या बिलबुकांचा लगदा झाला, तेव्हापासून सगळं कॉम्प्युटरवर ठेवतो. त्यात काढलं. आमच्याकडून ५ पट्ट्या गेल्या होत्या, पहिल्या दोन चिठ्ठीवर, पुढच्या तीन "मागच्या वेळचंच द्या" म्हणून, त्यातल्या दोन तर एकाच आठवड्यात. एक आमच्या पोऱ्यानी दिली, दोन मी. बाकीच्या २० पुण्याच्या मुलानं ऑनलाईन मागवून दिल्या होत्या, वडिलांनी फोनवर सांगितलं गोळ्या संपल्या, त्यानं दोन बॉक्स पाठवले, घरबसल्या सेवा. मुलाला बोलायचं खूप मनात आलं. पण एकाच आठवड्यात दोन पट्ट्या देताना बिल मीच फाडलं होतं ना, मग कुठल्या तोंडानं बोलू.

यांना रात्री सांगितलं तर म्हणाले जाऊ दे, तू पकडलंस म्हणून वाचले. ते बरोबर असेलही. मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही मार्करनी आकडा लिहायचं बंद केलं. डी-थ्रीवर वार लिहितो, पूर्ण अक्षरात. आणि काही द्यायच्या आधी विचारतो, ताकदीचं काय चालू आहे? औषध काय चालू आहे असं नाही, ताकदीचं. काय काय निघतं तुम्हाला सांगते. एक वैनी थायरॉईडची गोळी आणि लोहाची गोळी सकाळी एकाच घोटात घ्यायच्या आणि डोस का वाढतोय म्हणून डॉक्टरांवर वैतागायच्या, त्यात चार तासांचं अंतर पाहिजे, कॅल्शियमचं पण तेच. दुसऱ्या एकीची थायरॉईडची रिपोर्टच उलटसुलट, तर ती केसांसाठी बायोटिनचा मोठा डोस घ्यायची, टेस्टच्या आधी ते बंद ठेवायचं असतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. एका आजोबांना रक्त पातळ व्हायची वॉरफरिन चालू आणि सुनेनं आणलेल्या टॉनिकमध्ये व्हिटॅमिन के, म्हणजे त्या गोळीच्या बरोबर उलटं काम करणारं. आणि लोहाच्या लाल गोडसर गोळ्या तर कित्येक घरात फ्रिजवर उघड्या, लहान पोरं खाऊची गोळी समजून चघळतात, पाच-सात गेल्या तरी छोट्या पोराला धोका असतो. गिऱ्हाईकांची थोडी कटकट होते, एवढं कशाला विचारता म्हणतात, एकजण तर शेजारच्या दुकानात गेला. जाऊ दे.

सर आठ दिवसांनी घरी आले पण कॅल्शियम पूर्ण खाली यायला दोन महिने लागले, चरबीत मुरलेलं हळूहळूच बाहेर पडतं. क्रिएटिनिन १.३ वर येऊन थांबलंय. मी घरी जाऊन त्यांना त्या १ बद्दल सांगितलं. ऐकून घेतलं, चष्मा पुसला, म्हणाले, "मी पण विचारायला हवं होतं." बाकी काही नाही.

दसऱ्यानंतर एका संध्याकाळी पहिल्यांदा दुकानात आले, काठी घेऊन, बरेच उतरलेले. मी कुणालातरी डी-थ्रीची पट्टी देत होते, काउंटरवर ठेवलेली. सरांनी ती उचलली, उलटी केली, हात लांब करून वाचली. "आठवड्यातून एकदा, फक्त रवीवारी." मग खिशातलं पेन काढलं, त्या गिऱ्हाईकाला "एक मिनिट हं" म्हणाले, आणि माझा दीर्घ वी खोडून ऱ्हस्व केला.